पापुद्रा का सुटतो: हिंगण्यात सिलिकोन रेझिन घडवताना

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका छोट्या रंगकारखान्यात मी रेझिनचं, म्हणजे रंगाचा थर बांधून धरणाऱ्या पदार्थाचं, काम बघते. आमच्याकडे उष्णतारोधक ॲल्युमिनियम रंग बरीच वर्षं बनतो. जनरेटरचे एक्झॉस्ट पाइप, भट्ट्यांची दारं, धुराडी अशा जागी तो लागतो. पूर्वी त्यातलं सिलिकोन रेझिन आम्ही तयार विकत घ्यायचो, त्यात ॲल्युमिनियमची पेस्ट, अभ्रक आणि झायलीन घालून डबे भरायचो. रेझिन स्वतः घडवायचं ठरलं ते एका री-रोलिंग मिलमधून आलेल्या तक्रारीमुळे. भट्टीच्या धूरमार्गाचा पत्रा साडेचारशे-पाचशे अंशांपर्यंत तापायचा, सुट्टीच्या दिवशी थंड व्हायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तापायचा. असं काही आठवडे चाललं आणि रंग गेला. मी बघायला गेले तेव्हा तिथल्या फिटरभाऊंनी स्क्रेपरने पत्रा खरवडून दाखवला. म्हणाले, "मॅडम, रंग जळून नाही राहिला. पापुद्रे निघून राहिले, पाहा."

माझ्या मते अर्धं निदान त्या वाक्यातच होतं. रेझिन निव्वळ जळून गेलं असतं तर बोटाला चंदेरी भुकटी लागली असती. पापुद्रा निघतो याचा अर्थ थर अजून थर म्हणून शाबूत आहे, फक्त लोखंडावरची पकड सुटली आहे. काही पापुद्रे पाकिटात घालून आणले आणि इन्फ्रारेड यंत्रावर पाहिले. सिलिकॉनला जोडलेल्या मिथिल या छोट्या कार्बनी गटाची खूण १२६० प्रति सेंटिमीटरच्या आसपास दिसते, फिनाइल या मोठ्या, कड्याच्या गटाची १४३० च्या जवळ. दोन्ही जवळजवळ पुसल्या गेल्या होत्या. उरला होता तो १००० ते ११०० च्या दरम्यानचा सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन बंधाचा रुंद उंचवटा. पत्र्यावर रेझिन असं काही राहिलंच नव्हतं. ॲल्युमिनियमच्या चकत्यांना धरून बसलेला सिलिकाचा पातळ थर होता तो.

सिलिकोन रंग ५०० अंशांवर टिकतो म्हणजे नेमकं काय, हे तेव्हा मला पहिल्यांदा नीट उमजलं. त्या तापमानाला रेझिनमधला सेंद्रिय भाग जातोच. तो किती सावकाश जातो आणि जाताना मागे काय ठेवून जातो, यावर रंगाचं आयुष्य ठरतं. आणि या दोन्ही गोष्टी रेणू बांधतानाच बऱ्याचशा ठरवता येतात. पुढचं सगळं काम मी याच दिशेने केलं.

मुळात सिलिकोन उष्णता सोसतो तो त्याच्या कण्यामुळे. सिलिकॉन-ऑक्सिजन बंध तोडायला मोलमागे सुमारे ४५० किलोज्यूल लागतात, साध्या कार्बन-कार्बन बंधाला सुमारे ३५०. कण्याला लटकलेले सेंद्रिय गट मात्र हवेत तापवले की ऑक्सिजनच्या तावडीत सापडतात. गट कुठला निवडायचा हा प्रश्न या रसायनाइतकाच जुना आहे. नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग यांनी आयुष्यभर सिलिकॉनच्या सेंद्रिय संयुगांवर काम केलं आणि १९३७ साली या शाखेत लवकर काही मोठं घडेल अशी फारशी आशा दिसत नाही, असं मत मांडलं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९४० मध्ये, जनरल इलेक्ट्रिकच्या यूजीन रोचो यांनी तांब्याच्या साहाय्याने सिलिकॉन धातू आणि मिथिल क्लोराइड यांची थेट अभिक्रिया घडवली. मिथिलकडे वळण्यामागे त्यांचा विचार सरळ होता: मिथिल गटात कार्बन-कार्बन बंधच नाही, मग तुटणार काय? माझ्या कामाची सुरुवात याच विचारापासून झाली, आणि तो मला कुठवर साथ देतो हे बघायचं होतं.

रेझिनची आखणी करताना आम्ही चार एककांत बोलतो. एम एकक एकाच ऑक्सिजनने जोडलं जातं, डी दोन, टी तीन आणि क्यू चार. तेलात आणि रबरात डी जास्त, रेझिनमध्ये टी जास्त. एका सिलिकॉनमागे सरासरी किती सेंद्रिय गट आहेत, हे गुणोत्तर १ च्या जवळ ठेवलं तर थर काचेसारखा कडक आणि ठिसूळ होतो, १.५ च्या पुढे नेलं तर लवचीक होतो, पण मऊ पडतो आणि वाळायला वेळ घेतो. मी १.२ ते १.४ च्या पट्ट्यात राहायचं ठरवलं. लोखंड तापल्यावर फुगतं, प्रत्येक अंशाला दहा लाखांत सुमारे १२ भाग. शुद्ध सिलिका जेमतेम अर्धा भाग फुगते. खाली पत्रा ताणला जातोय आणि वरचा थर ताणला जायला तयार नाही, अशा ठिकाणी थोडी डी एककं हवीतच.

मग फिनाइल. सगळी पुस्तकं सांगतात की फिनाइल वाढवा, उष्णता सोसण्याची ताकद वाढते. हे खरं आहे. फिनाइलवर ऑक्सिजनचा हल्ला मिथिलपेक्षा उशिरा होतो, शिवाय रेझिन सेंद्रिय द्रावकांत आणि इतर रेझिनांबरोबर चांगलं मिसळतं. पण कागदावर साधा हिशेब मांडून बघा. मिथिल टी एककाचं वजन सुमारे ६७. ते पूर्ण जळून सिलिका झालं तर ६० उरतं, म्हणजे जवळपास ९० टक्के वजन पत्र्यावरच राहतं. फिनाइल टी एककाचं वजन १२९. त्यातून उरणारी सिलिका तेवढीच, ६०. म्हणजे ४७ टक्केसुद्धा नाही. त्यात सिलिकाची घनता रेझिनच्या जवळपास दुप्पट असल्याने आकारमानाचं आकुंचन आणखी मोठं. फिनाइल उशिरा जातं, पण जातं तेव्हा थराचा मोठा हिस्सा घेऊन जातं. आमच्या विकतच्या रेझिनमध्ये फिनाइल भरपूर होतं. पापुद्र्याची खालची बाजू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तेव्हा तळं आटल्यावर गाळाला पडतात तशा भेगांचं जाळं दिसलं.

हा हिशेब मी मालकांना फळ्यावर मांडून दाखवला. फिनाइलचे मोनोमर, म्हणजे रेझिन ज्यांपासून बांधतो ते छोटे रेणू, मिथिलपेक्षा महाग, त्यामुळे "फिनाइल कमी करू" हे ऐकून त्यांना आनंद झाला असणार. पण मला ते कमी करायचं होतं तेवढंच योग्य जागी बसवायचंही होतं, आणि तिथे खरी कसोटी लागली.

क्लोरोसिलेन, म्हणजे क्लोरीनवाले मोनोमर, वापरणं आमच्या जागेत शक्य नव्हतं. पाणी लागताच हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते आणि ती पकडायची व्यवस्था आमच्याकडे नाही. म्हणून मिथॉक्सीसिलेन घेतले. त्यांतून मिथेनॉल निघतं, ते ऊर्ध्वपातनाने काढता येतं. सगळे मोनोमर एकत्र ओतून आम्लयुक्त पाणी सोडलं तर मिथिल आधी धावतं आणि फिनाइल मागे राहतं, कारण फिनाइलट्रायमिथॉक्सीसिलेनचं जलविघटन, म्हणजे पाण्याने फुटणं, सावकाश होतं. मग मिथिलचे वेगळे आणि फिनाइलचे वेगळे गठ्ठे होतात, रेझिन धूसर दिसतं आणि तापल्यावर थर जागोजागी वेगळ्या वेगाने आकसतो. यावर क्रम बदलला. आधी फिनाइलवाला मोनोमर एकटाच घेऊन त्याला थोडं पाणी द्यायचं, तो अर्धवट फुटला की मग मिथिल टी आणि डी एकत्र सोडायचे आणि उरलेलं पाणी थेंबाथेंबाने. फ्लास्कमधला द्रव शेवटपर्यंत पाण्यासारखा नितळ राहिला तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगता यायचा नाही. काचेच्या पट्टीवर वाळवलेल्या थरातून वर्तमानपत्राची बारीक अक्षरं स्वच्छ वाचता येत होती.

इथे एका अशा पायरीबद्दल सविस्तर लिहायलाच हवं जिच्याकडे कारखान्यात सहसा कुणी लक्ष देत नाही. ती म्हणजे धुलाई. जलविघटनाला वापरलेलं आम्ल, किंवा रेणू वाढवताना वापरलेला अल्कली, रेझिनमध्ये अंशमात्र जरी राहिला तरी ३०० अंशांच्या पुढे तो सिलोक्सेनचा, म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनचा, कणा तोडायला मदत करतो. जी अभिक्रिया एरवी बऱ्याच वरच्या तापमानाला झाली असती, ती खाली ओढली जाते. आमचे ऑपरेटर दादा गरम पाण्याने धुऊन, थर वेगळे होऊ देऊन, खालचं पाणी काढून पीएच कागदावर बघायचे. दोन धुण्यांत कागद बरा दिसायचा. मी कंडक्टिव्हिटी मीटर आणला आणि धुण्याच्या पाण्याची वाहकता ताज्या डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याच्या जवळ येईपर्यंत थांबायचं नाही असा नियम केला. एकाच रेझिनचे कमी धुतलेले आणि पुरते धुतलेले नमुने शेजारी-शेजारी तापवले. कमी धुतलेला ठळकपणे आधी ढासळला. नवा रेणू, नवा मोनोमर यांवर खर्च करण्याआधी हे करावं, असं मी कुणालाही सांगेन. यात फक्त पाणी आणि वेळ जातो.

दुसरा शत्रू रेणूच्या टोकाशी असतो. जलविघटनानंतर साखळ्यांच्या टोकांना सिलॅनॉल, म्हणजे सिलिकॉनवरचा हायड्रॉक्सिल गट, उरतो. थर पक्का होण्यासाठी तोच लागतो: दोन सिलॅनॉल भेटतात, पाणी निघतं, नवा बंध होतो. पण पक्कं झाल्यावरही जे सिलॅनॉल एकटे राहतात ते जास्त तापमानाला मागे वळून आपल्याच साखळीवर हल्ला करतात आणि तीन-चार एककांचं कडं तोडून बाहेर काढतात. ही कडी बाष्पनशील असतात, ती उडून जातात. नवं टोक तयार होतं आणि तेच पुन्हा घडतं. डी एककं ओळीने लागलेली असतील तिथे हा धोका सर्वात जास्त. उपाय दोन बाजूंनी केला. डी एककं एकमेकांशेजारी न येता टी एककांमध्ये विखुरली जातील अशा बेताने मोनोमर सोडले. आणि अभिक्रियेच्या अखेरीस थोडं हेक्सामिथिलडायसिलोक्सेन घालून काही टोकांवर एम एककाची टोपी बसवली. टोपी जास्त झाली तर रेझिन पक्कं होतच नाही, बोटाला चिकटत राहतं. किती सिलॅनॉल ठेवायचे आणि किती झाकायचे, हा तोल साधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

नमुने तयार झाले तसे टीजीएवर, म्हणजे तापवत तापवत वजन मोजणाऱ्या यंत्रावर, जाऊ लागले. अमरावती रोडवरच्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत मी शिकले. कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून उभी राहिलेली आणि १९४२ साली सुरू झालेली ही संस्था रंग आणि तेल तंत्रज्ञान शिकवत आली आहे. तिथल्या माझ्या सरांना आलेख दाखवायला गेले. मिनिटाला १० अंश या वेगाने हवेत तापवलेले, ५ टक्के वजन कमी होण्याचं तापमान छान वर सरकलेलं. सरांनी आलेख बघितले आणि म्हणाले, "अगं, हे काही मिलिग्रॅम भुकटीचं झालं. तुझा रंग पत्र्यावर बसायचा आहे. पत्रा लाव ना भट्टीत."

किती खरं होतं ते. ३० अंशांवरून ८०० अंशांपर्यंत मिनिटाला १० अंश म्हणजे सव्वा तास आणि वर दोनेक मिनिटं. नमुना ५०० अंश ओलांडतो तो क्षणभरात. धूरमार्ग त्याच ५०० वर महिनोन्महिने असतो. शिवाय भुकटीला ना पत्र्यावरून सुटायचं असतं ना तिला भेग पडते. तेव्हापासून माझा निवाडा पत्र्यावर होतो. ब्लास्ट केलेल्या सौम्य पोलादाच्या पट्ट्या, त्यावर २० ते २५ मायक्रॉनचा थर, २०० अंशांवर तासभर पक्का करायचा, मग मफल फर्नेसमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बंद विद्युत भट्टीत, ५०० वर ठेवायचा. काही पट्ट्या हवेत गार करायच्या, काही लांब चिमट्याने धरून थेट पाण्यात बुडवायच्या. चर्रर्र आवाज होतो, वाफ उठते, आणि त्यानंतर पट्टीवर चिकटपट्टी लावून ओढायची. चिकटपट्टीवर काय आलं ते उजेडात धरून बघायचं. टीजीएवर सर्वात देखणा आलेख देणारं, फिनाइलने भरलेलं रेझिन या परीक्षेत मागे पडलं. मिथिल टी जास्त, फिनाइल मध्यम आणि डी विखुरलेलं रेझिन पुढे आलं.

इतर मूलद्रव्यं कण्यात गुंफायचाही प्रयत्न केला. बोरिक आम्लातून बोरॉन आणलं तर भट्टीत थर सुरेख बसायचा, बोरॉनमुळे उरणारा थर काचेसारखा वाहून लोखंडाला धरायचा. पण सिलिकॉन-ऑक्सिजन-बोरॉन बंधाला ओलावा चालत नाही. उन्हाळ्यात नागपूरची हवा कोरडी ठणठणीत, तेव्हा पट्ट्या झकास दिसल्या. जुलैत शेल्फवर ठेवलेल्या, न तापवलेल्या पट्ट्यांवर पांढरट झाक आली आणि हात लावला तर चिकट. गोदामात पडून राहणाऱ्या मालाला हे परवडणारं नाही, म्हणून बोरॉन बाजूला ठेवलं. टायटॅनियम जमलं. ब्युटिल टायटेनेट सिलॅनॉलशी जोडलं जातं, उरलेली मोकळी टोकं बांधून टाकतं आणि थर कमी तापमानाला पक्का करतं. थेट घातलं तर ओलाव्याने पांढरा साका बसतो; आधी ॲसिटिलॲसिटोनने बांधून घेतलं की ते शांत राहतं. रंगाला पिवळी छटा येते, पण ॲल्युमिनियमखाली ती दिसत नाही.

सिरिअम ऑक्साइडबद्दलही सांगायला हवं. सिलिकोन रबरात ते आणि लाल लोहऑक्साइड उष्णता-स्थिरकारक म्हणून वापरतात. मिथिल गटाचं ऑक्सिडेशन ज्या मुक्त मूलकांच्या (अर्धवट तुटलेल्या, चटकन अभिक्रिया करणाऱ्या तुकड्यांच्या) साखळीने पुढे जातं, ती साखळी ते मध्येच तोडतात. आमच्या रंगात थोडं सिरिअम ऑक्साइड चांगलं दळून घातल्यावर मिथिलची १२६० ची खूण जास्त तास टिकून राहिली. दळण नीट झालं नाही तर मात्र काहीच फरक दिसत नाही.

रिअॅक्टरमध्ये रेझिनचा पहिला मोठा घाणा काढायची वेळ आली ती नेमकी मे महिन्यात. बाहेर ४५ अंश, आणि गच्चीवरच्या टाकीतून जॅकेटमध्ये येणारं पाणीच कोमट. जलविघटनात उष्णता सुटते आणि मिथेनॉल ६५ अंशांना उकळतं, त्याची वाफ पेट घ्यायला ठिणगी पुरते. म्हणून पाणी सोडण्याची पायरी पहाटे घ्यायची ठरली, बर्फाच्या लाद्या टाकून टाकी गार केली, रिअॅक्टर आणि पिंप अर्थिंगला जोडले. दादा स्वतः व्हॉल्व्हपाशी उभे राहिले आणि तापमान बघत बघत, मुळीच घाई न करता पाणी सोडत गेले. रेणू वाढवण्याच्या पायरीला दर थोड्या वेळाने नमुना काढून फ्लो कपमधून चिकटपणा मोजत होतो, कारण टी एककांचं रेझिन एकदा जेल व्हायला लागलं की परतीची वाट नाही. उतरवलेलं रेझिन अगदी फिकट, स्वच्छ होतं. दादांनी ते बाटलीत घेऊन उन्हाकडे धरलं आणि नुसती मान डोलावली.

मिलमध्ये धूरमार्गाच्या एका बाजूला जुना रंग आणि दुसऱ्या बाजूला नवा लावून घेतला. देखभालीच्या पुढच्या बंदमध्ये जाऊन बघितलं. सपाट पत्र्यावर नवा रंग घट्ट होता, स्क्रेपरने खरवडावा लागला. वेल्डिंगच्या शिवणीवर आणि कोपऱ्यांत मात्र तोही उचलला होता. तिथली जाडी मोजली तर सपाट भागापेक्षा कितीतरी जास्त भरली. ब्रशने रंग शिवणीत साचला होता. जाड थरातून वाफा आणि जळालेला भाग बाहेर पडायला वाट मिळत नाही, आकुंचनाचा ताणही जाडीबरोबर वाढतो, आणि ते कुठल्याही रेझिनला सोसत नाही. म्हणून आता डब्यासोबत कामाची पद्धत लिहून देतो: एसए अडीच दर्जाचं (पत्रा जवळपास धातूसारखा स्वच्छ करणारं) ब्लास्टिंग, शिवणी घासून सपाट, फवारणीने २५ मायक्रॉनपर्यंतचे दोनच पातळ हात, पहिल्यांदा तापवताना २०० अंशांवर तासभर थांबा आणि मगच भट्टी पुढे न्या. मे महिन्यात दुपारी फवारणी करायची असेल तर झायलीनमध्ये सावकाश उडणारं द्रावक मिसळायचं, नाहीतर थेंब पत्र्यावर पोचेपर्यंतच वाळतो.

सध्या मफल फर्नेसमध्ये सिरिअमच्या वेगवेगळ्या प्रमाणांच्या पट्ट्या आहेत आणि त्यांच्या शेजारी फिनाइल आणखी थोडं कमी केलेलं रेझिन. ५५० वर ते कसं वागतं, हे आता बघायचंय.